नाव नको, मिनिटं सांगा

जखमी खेळाडू बरा होऊन शिबिरात दाखल झाला की त्याचा फोटो येतो, मुलाखत येते, आई-वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी येतं. ते सगळं यायलाच हवं. पण त्यानंतर चार-आठ दिवसांत संघाची यादी जाहीर होते आणि तिच्यातून एक नाव गुपचूप गळतं. ज्याने त्या जखमीची जागा महिनोन् महिने सांभाळली, त्याचं. त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहीत नाही, निवड समिती बोलत नाही, आणि बहुतेकदा त्यालाही कुणी समोर बसवून कारण सांगत नाही. भारतीय हॉकीत हे इतक्या वेळा झालं आहे की आता ते रूढच होऊन बसलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. परतणाऱ्या खेळाडूला जागा त्याच्या नावावर देऊ नका. तो आज किती मिनिटं पूर्ण ताकदीने खेळू शकतो, त्यावर द्या. आणि ज्याची जागा जाते, त्याला त्याचं कारण आकड्यांत सांगा.

आधी हिशेब करू. हॉकीचा सामना 60 मिनिटांचा, 15 मिनिटांचे चार भाग. मधल्या फळीत तीन जागा धरल्या तर त्या फळीला एका सामन्यात 180 मिनिटांचं काम असतं. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, त्यामुळे पाच जण ते वाटून घेतात, म्हणजे माणशी 36 मिनिटं. चार-पाच मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, दम घ्यायचा, पुन्हा आत. आता या पाचांतला एक जण नुकताच दुखापतीतून उठलेला आहे आणि फिजिओने त्याला 10 मिनिटांचीच परवानगी दिली आहे. उरलेली 170 मिनिटं चौघांवर पडली. माणशी साडेबेचाळीस. कागदावर ही साडेसहा मिनिटं किरकोळ वाटतात. मैदानावर ती बहुतेक शेवटच्या पंधरा मिनिटांत वसूल होतात, समोरचा संघ चढून येत असताना आणि आपल्या मधल्या फळीचे पाय जड झालेले असताना. शिवाय मोठ्या स्पर्धेत दर एक-दोन दिवसांनी सामना असतो, म्हणजे थकवा आदल्या सामन्यातून पुढच्या सामन्यात येतो. अर्ध्या तंदुरुस्त खेळाडूची किंमत तो एकटा मोजत नाही, त्याच्या शेजारचे चौघे मोजतात.

ऑलिंपिकमध्ये तर संघ 16 जणांचाच. पॅरिसला आपण श्रीजेश हा एकच गोलरक्षक त्या सोळांत धरला होता, म्हणजे धावायला 15 जण. तिथे नावाच्या पुण्याईवर एकाला बसवून ठेवण्याइतकी ऐपत कुठल्याच संघाची नसते.

2023 चा विश्वचषक आठवा. आपल्याच घरी, ओडिशात. 13 जानेवारीला राउरकेलाच्या नव्याकोऱ्या मैदानावर स्पेनला 2-0 हरवलं, त्यातला एक गोल हार्दिक सिंगचा होता आणि तो गोल पाहणारा कुणी तो विसरणार नाही. दोन दिवसांनी इंग्लंडशी 0-0 बरोबरी झाली आणि त्याच सामन्यात हार्दिकचा हॅमस्ट्रिंग दुखावला. मांडीमागचा हा स्नायू फार फसवा असतो. दोन दिवसांत माणूस नीट चालायला लागतो, चौथ्या दिवशी हलकं पळतो, सगळ्यांना वाटतं झालं बरं. पण हॉकीत चेंडू जमिनीलगत असतो. वेगात पळता पळता कमरेत वाकायचं, स्टिक जमिनीवर टेकवायची, तिथेच थांबून दिशा बदलायची, हे सगळं याच स्नायूच्या जिवावर चालतं. सरळ रेषेत पळून दाखवणं ही त्याची खरी परीक्षाच नव्हे.

हार्दिकची दुखापत 15 तारखेची. 19 तारखेला वेल्सविरुद्ध आपण त्याच्याविना खेळलो, 4-2 जिंकलो, पण गोलांच्या फरकावर इंग्लंड वर राहिलं आणि आपल्याला न्यूझीलंडशी क्रॉसओव्हर खेळावा लागला. तो सामना 22 ला. हार्दिक स्पर्धेबाहेर गेल्याचं आणि राखीव राजकुमार पाल त्याच्या जागी आल्याचं जाहीर झालं 21 ला, आदल्या दिवशी. संघ व्यवस्थापनाची अडचण मला कळते. बदली खेळाडू एकदा घेतला की जखमीसाठी त्या स्पर्धेचे दरवाजे बंद होतात, आणि हार्दिकसारखा मधल्या फळीचा कणा कोण सहजासहजी सोडेल? पण या थांबण्यात राजकुमारच्या हातून वेल्सचा सामना गेला. विश्वचषकाच्या गर्दीची, त्या टर्फची, आपल्याच सहकाऱ्यांच्या त्या आठवड्यातल्या लयीची ओळख करून घ्यायची त्याची ती एकमेव संधी होती. तो थेट बाद फेरीच्या सामन्यात उतरला. आपण 3-1 ने पुढे होतो, 3-3 झालं, शूटआउटमध्ये 4-5 हरलो. घरच्या विश्वचषकात संयुक्त नववं स्थान मिळालं आणि प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी राजीनामा दिला. हरण्याचं खापर त्या एका निर्णयावर फोडणं अन्यायाचं होईल. आघाडी टिकवता आली नाही, ही संघाची चूक. पण वेल्सच्या सामन्याआधीच मन घट्ट करून राजकुमारला घ्यायला हवं होतं, हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. हार्दिकचं त्यात काहीच गेलं नसतं. तो पुढे हांगझोचं आशियाई सुवर्ण आणि पॅरिसचं कांस्य जिंकणाऱ्या संघात होता. पॅरिसच्या सोळांत राजकुमार पालही होता.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट आपल्या दोन मुलांची आहे.

2017 च्या मे महिन्यात अझलन शाह चषकात श्रीजेशचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया, मग महिनोन् महिने विश्रांती आणि व्यायाम. तो तेव्हा कर्णधार होता. कर्णधारपद मनप्रीत सिंगकडे गेलं आणि गोलपोस्टसमोर उभा राहिला यवतमाळचा आकाश चिकटे, त्याच्या जोडीला पुढे मुंबईचा सूरज करकेरा. श्रीजेशच्या जागी उभं राहणं म्हणजे काय, याची कल्पना करा. तो नुसते गोल अडवत नाही. पाठीमागून सतत ओरडून अख्खी बचावफळी हलवत असतो, कोण कुणाला धरतोय, कुठली बाजू उघडी आहे, सगळं. तो आवाजच अचानक गेला. जून महिन्यात लंडनच्या स्पर्धेत आपण मलेशियाकडून आणि कॅनडाकडून हरलो आणि टीका झाली. पण ऑक्टोबरमध्ये ढाक्यात अंतिम सामन्यात मलेशियालाच 2-1 हरवून आपण आशिया चषक जिंकला, दहा वर्षांनी.

डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला वर्ल्ड लीगची अंतिम फेरी होती. उपांत्यपूर्व सामन्यात समोर बेल्जियम, रिओचा रौप्यविजेता. 3-3. मग शूटआउट. ज्यांनी तो प्रकार जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. समोरचा खेळाडू 23 मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघतो, त्याच्याकडे 8 सेकंद. गोलरक्षक गोलरेषेवरून निघतो. पहिल्या दोन सेकंदांत त्याने पुढे येऊन कोन बंद करायचा असतो. फार लवकर पुढे आला तर बाजूने वळसा घालून जातात, मागे राहिला तर मारायला अख्खा गोल उघडा मिळतो. अंगावर किलोकिलोचे पॅड, समोरचा डावीकडे झुकतो, उजवीकडे खेचतो, पाठ करतो, उलटी स्टिक काढतो, आणि याने आडवं पडायचं की उभं राहायचं हे एका श्वासात ठरवायचं. पडला की उठायला वेळ नाही. पाच-पाच प्रयत्नांत निकाल लागला नाही, सडन डेथ आली, आणि भारत 3-2 जिंकला. यवतमाळच्या पोराने जगातल्या सगळ्यात तयार आघाडीच्या फळीला अडवून धरलं होतं. त्या स्पर्धेत आपल्याला कांस्य मिळालं.

पुढच्याच महिन्यात, जानेवारी 2018 मध्ये, न्यूझीलंडच्या दौऱ्यासाठी संघ निघाला. गोलरक्षक होते परतलेला श्रीजेश आणि नवा कृष्ण पाठक. 2017 निभावून नेणारे दोघेही त्या दौऱ्यावर नव्हते.

श्रीजेशला परत घेतलं हे बरोबरच झालं. लहान दौऱ्यावर त्याला मिनिटं मिळाली, गुडघ्याची परीक्षा झाली, आणि त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत त्याने आपण काय चीज आहोत ते पुन्हा दाखवलं. पुढे टोकियो आणि पॅरिसची कांस्यपदकं. पाठकला संधी दिली हेही दूरदृष्टीचंच होतं. श्रीजेश निवृत्त झाल्यावर गोलपोस्ट रिकामी पडली नाही, ती त्यामुळेच. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. दोघांपैकी एकाला तरी त्या दौऱ्यावर न्यायला हवं होतं. निदान तुम्हाला विश्रांती का, पुढे तुमचा विचार केव्हा, हे चारचौघांत सांगायला हवं होतं. आकाशची कारकीर्द पुढे वेगळ्याच कारणाने अडली. उत्तेजक चाचणीत दोषी ठरून त्याच्यावर 2018 पासून दोन वर्षांची बंदी आली, आणि ते प्रकरण या विषयाशी जोडणं योग्य नाही. पण सूरज करकेरा? 2018 च्या घरच्या विश्वचषकाला श्रीजेश आणि पाठक होते, टोकियोला तेच, पॅरिसला राखीव म्हणूनही पाठकच. सूरज टिकून राहिला. 2025 च्या आशिया चषकाच्या संघात पाठकच्या जोडीला त्याचं नाव होतं, आणि राजगीरला तो चषक आपण जिंकला. आठ वर्षं कुठल्याही आश्वासनाशिवाय रोज पॅड बांधून सरावाला उभा राहणारा हा मुलगा आहे. त्याच्यावर मराठी वर्तमानपत्रांत किती लेख आले, ते तुम्हीच शोधून पाहा.

परतणारा खेळाडू संघात घेताना दुसरी चूक होते ती जोडण्यांची. संघ म्हणजे सुटी नावं नव्हेत, विशेषतः पेनल्टी कॉर्नरला. एक जण चेंडू आत ढकलतो, दुसरा डीच्या टोकाला तो थांबवतो, तिसरा ड्रॅग-फ्लिक मारतो. या तिघांची वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत जुळलेली असते आणि ती शेकडो वेळा एकत्र सराव करूनच जुळते. फ्लिक मारणारा सहा महिने बाहेर होता, त्या काळात थांबवणारा दुसऱ्याच्या पायाच्या अंतराला सरावला. आता पहिला परतला. त्याचा पवित्रा जास्त खाली, पाऊल लांब. चेंडू चार बोटं इकडेतिकडे थांबला तरी फ्लिकची सगळी ताकद वाया जाते. वर कंबर आणि पाठ यांच्यावर या फटक्याचा ताण इतका असतो की नुकत्याच बऱ्या झालेल्या खेळाडूला रोज पन्नास फ्लिक मारायला लावणं म्हणजे त्याला पुन्हा डॉक्टरकडे धाडणं.

बचावातही तेच. पॅरिसला अमित रोहिदासचं उदाहरण दुखापतीचं नाही, पण एक माणूस गेला की किती कड्या निखळतात ते त्यात स्वच्छ दिसतं. 4 ऑगस्ट 2024, ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामना, 17 व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड. उरलेली 43 मिनिटं आपण दहा जणांनी खेळलो. मनप्रीत मधल्या फळीतून मागे बचावात गेला, त्याची जागा इतरांनी वाटून घेतली, 1-1 राखलं आणि शूटआउटमध्ये 4-2 जिंकलो. भारतीय हॉकीतल्या सगळ्यात शूर 43 मिनिटांपैकी ती आहेत. पण रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली, बदली घेता येत नव्हता, आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्याला आपण 15 जणांनिशी उतरलो. रोहिदास म्हणजे पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून सुटून थेट फ्लिकच्या तोंडावर धावून जाणारा पहिला माणूस. छातीवर, गुडघ्यावर चेंडू झेलायची तयारी ठेवून. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवरच आला. आपण 2-3 हरलो. कांस्याच्या सामन्याला रोहिदास परतला आणि स्पेनला आपण 2-1 हरवलं. तो थेट आपल्या जुन्या कामावर रुजू होऊ शकला, कारण त्याचं शरीर ताजं होतं आणि लय एकाच सामन्यापुरती तुटली होती. सहा महिने बाहेर असलेल्याला हाच न्याय लावता येत नाही. तरीही आपण तोच लावतो.

नीट परत आणलं तर काय होतं, तेही 2017 च्याच भुवनेश्वरने दाखवलं आहे. रुपिंदरपाल सिंग आणि बिरेंद्र लाक्रा हे दोन्ही बचावपटू लांबच्या दुखापतींनंतर त्या स्पर्धेत परतले. लाक्राचं तर गुडघ्यापायी रिओ ऑलिंपिक हुकलं होतं. दोघं नसताना ड्रॅग-फ्लिक मारणारा हरमनप्रीत सिंग तयार झालेला होता. पेनल्टी कॉर्नर एकट्या रुपिंदरच्या हाती परत न देता त्याच्यात आणि हरमनप्रीतमध्ये वाटले गेले. बेल्जियमविरुद्धच्या त्या सामन्यात दोघांनीही गोल केले. टोकियोत कांस्याच्या सामन्यातही दोघांचे गोल आहेत, आणि लाक्राही त्या संघात होता. जुन्याला जागा करून देताना नव्याला मागे ढकलायची गरज पडली नाही.

त्याच टोकियोच्या सामन्यात जर्मनीला आपण 5-4 हरवलं आणि 41 वर्षांनी ऑलिंपिकचं पदक आलं. दोन गोल सिमरनजीत सिंगचे. तो मूळ सोळांत नव्हता. करोनामुळे ऑलिंपिकवाल्यांनी राखीव खेळाडूंनाही सामन्यात खेळवायची मुभा दिली, म्हणून तो मैदानावर आला. राखीव बाकावरच्या माणसाला आपण किती तयार ठेवतो, यावर पदकं ठरतात, याला यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा?

राणी रामपालचं प्रकरण मला अजून टोचतं, आणि ते उलट्या बाजूचं आहे. टोकियोत महिला संघाला चौथ्या स्थानावर नेणारी कर्णधार. मग दुखापत, मग 2022 च्या जूनमध्ये युरोपात प्रो लीगचे सामने. ती मैदानावर होती, आणि त्याच महिन्यात जाहीर झालेल्या विश्वचषकाच्या संघात नव्हती. पूर्ण तंदुरुस्त नाही, एवढंच कारण बाहेर आलं. कदाचित निर्णय बरोबर असेल. पण किती मिनिटं खेळता यायला हवी होती, ती किती खेळू शकत होती, कुठल्या चाचणीत कमी पडली, यातलं काहीही लोकांसमोर आलं नाही. मग कुजबूज सुरू झाली, गट-तट दिसू लागले, आणि ज्या मुलीने शाहाबादच्या गरिबीतून उठून देशाच्या मुलींना हॉकी दाखवली, तिचा शेवटचा काळ संशयाच्या धुक्यात गेला. आकडे समोर ठेवले असते तर तिचाही मान राहिला असता, प्रशिक्षकांचाही.

2026 च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये विश्वचषक आहे, तो 30 ऑगस्टला संपतो. 19 सप्टेंबरला जपानमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा सुरू होतात. मध्ये तीन आठवडेही नाहीत. विश्वचषकात कुणाचा ना कुणाचा स्नायू ताणला जाणार, कुणाचं बोट मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको. आणि आशियाई सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं थेट तिकीट, त्यामुळे अर्ध्या बऱ्या झालेल्या मोठ्या नावाला विमानात बसवायचा मोह सगळ्यांनाच होणार.

म्हणून हॉकी इंडियाला आत्ताच सांगणं आहे. दोन्ही स्पर्धांचे संघ जाहीर कराल तेव्हा दुखापतीतून परतणाऱ्या प्रत्येक खेळाडूने गेल्या चार आठवड्यांत सामन्यात किती मिनिटं खेळली, हे यादीसोबत छापा. त्याच्यासाठी ज्याला वगळलं, त्याचं नाव घेऊन कारण द्या. दोन्ही संघांचे राखीव खेळाडू एकाच शिबिरात, एकाच पेनल्टी कॉर्नरच्या जोडीत, पहिल्या दिवसापासून तयार ठेवा. खेळाडूंच्या पाठीवर जीपीएसचं यंत्र असतं, मिनिटं आणि अंतर दोन्हींची नोंद तुमच्या संगणकात रोज पडते. ती छापायला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.